सुलटी पिशवी

ताई : “रिकामी झालेली पिशवी उलटवून टांगायची. सुलटी दिसली की समजायचं, आत जीव आहे.” सरांचं हे पहिलं वाक्य. तू आमच्या गटात आलीस त्या दिवशी मी तुला तस्संच सांगितलं होतं की नाही?

धाकटी : सांगितलं होतं, ताई. आणि माझ्या हातातली प्रत्येक पिशवी मी उलटवली. अगदी शिवणीत अडकलेली पिसं झटकून.

ताई : मग या अकराच कशा? सकाळी पक्षी ठेवायला बारा नेल्या होत्या. मामा, तुम्ही धुवायला घेतल्यात, त्यात एखादी...

मामा : अहो, चोवीस वर्षं या प्रयोगशाळेत पिशव्या धुतोय. धुतो, गिळत नाही. अकरा आल्या, अकरा दोरीवर आहेत. बादलीसुद्धा उपडी करून बघितली.

धाकटी : जीपमध्ये राहिली असेल. सीटखाली.

मामा : जीप प्रयोगशाळेच्या मॅडमना घेऊन बैठकीला गेली. ड्रायव्हरला फोन लावला मी. सीटखाली एक मोजा सापडला म्हणे, तोही त्याचाच.

धाकटी : मग उडाली असेल वाऱ्यानं. रिकामीच. केवढी वावटळ उठली होती! जाळी सोडवता सोडवता तोंडात माती गेली माझ्या.

ताई : देव करो आणि रिकामीच असो. वही काढ. शेवटचे पक्षी मोठ्यानं वाच.

धाकटी : पंधरा, सोडला. सोळा, सोडला. सतरा... पायात घातलेल्या कड्याचा नंबर आहे. पंखाची लांबी आहे. वजन... कोरं. पुढचा ‘सोडला’चा रकानाही कोरा.

ताई : कोरा? कोरा राहतोच कसा? एक पक्षी पुरता झाल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही, घसा कोरडा पडला माझा सांगून! लक्ष म्हणून नसतं तुमचं!

धाकटी : ताई...

ताई : ताई-ताई काय करतेस? अक्षर कुणाचं आहे ते बघ.

धाकटी : तुमचं.

मामा : बसा बघू आधी. पाणी घ्या.

ताई : ...वजनकाट्याचा सेल संपला होता. मी पिशवी त्या काटेरी झाडाच्या फांदीला अडकवली, सावलीत. सेल आणायला जीपकडे वळले आणि वावटळ आली.

धाकटी : जाळी गुंडाळल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं, “झालं ना सगळं?”

ताई : आणि मी “झालं” म्हणाले. मागे वळूनही न बघता. किती वाजताची नोंद आहे?

धाकटी : दहा वाजून दहा. आता पावणेएक झाला. आणि ताई... शेरा आहे इथे. “मादी. पोटावरची पिसं गळलेली.”

मामा : म्हणजे काय?

धाकटी : घरट्यात अंडी असली की उबेसाठी तिथली पिसं गळतात, मामा. अंडी, नाहीतर पिल्लं. तिची वाट बघत असतील.

ताई : चिमूटभर जीव. आणि सावली तर केव्हाच सरकली असेल.

धाकटी : ताई, माझं ऐकाल? वजन साडेअकरा ग्रॅम लिहू. या जातीचं तेवढंच भरतं. पुढे “सोडला”. पक्षी पकडायच्या परवानगीचं नूतनीकरण आठवड्यावर आलंय. पक्षी मेल्याचं कळलं तर सगळ्या गटाचं काम बंद पाडतील. तुमचा प्रबंध, माझं तर पहिलंच वर्ष. मला भीती वाटतेय हो. कुणाला कळणार आहे?

मामा : मला कळलं की. पण माझं काय, मी भिंतीचा कान.

ताई : दे ते पेन.

धाकटी : हे घ्या.

ताई : ...नाही गं लिहवत खोटं. हे घे पेन परत. भीती मलाही वाटते, परवानगीची, मॅडमची, सगळ्याची. पण सर जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी होते. बोलणं जवळजवळ थांबलेलं. एवढंच विचारलं, “पिशवी सुलटी राहणार नाही ना?” मी म्हटलं, “माझ्या हातून नाही राहणार, सर.” तेव्हापासून रोज रानातून निघताना मोजते, जप मोजावा तशा. आज तेवढं मोजायचं राहिलं.

मामा : नेम एक दिवस चुकला म्हणून मोडत नसतो. ही घ्या स्कूटरची किल्ली. पुढचा ब्रेक नावालाच आहे, मागचा दाबा.

धाकटी : मीही येते.

ताई : नको. तू मॅडमना फोन कर. झालं तसं सांग, माझं नाव घेऊन. आणि तो रकाना कोराच ठेव. पेन्सिलसुद्धा लावू नकोस.

धाकटी : ताई... आत काही हलत नसेल तर?

ताई : हलो, न हलो. पिशवी उलटवूनच आणीन.