मूळ मालकाची संमती

आमच्या धर्माकाकांचं तुम्हाला सांगितलं नाही वाटतं. नागोठण्याला कंपनी आली त्यानंतरची गोष्ट. तेव्हा जमीन कुणी बघायचंच नाही, नुसती साठेखतं या हातातून त्या हातात फिरायची. कासूच्या एका जमिनीचं असंच एक साठेखत फिरत फिरत माझ्याकडे आलं आणि मी ते कासूच्याच धर्माकाकांच्या गळ्यात मारलं. त्यांनी एवढंच विचारलं, "रस्त्याला लागून हाय ना?"

रामवाडीचे वकील म्हणाले, "करार तुमच्या नावावर फिरवता येईल, पण मूळ मालकाची संमती लागेल."

काका भडकले. "त्यानं जमीन इकली ना? मग तो मधी कशाला?"

"विकली नाही, विकायचं कबूल केलंय. जमीन अजून त्याचीच."

मी कधीच न वाचलेलं पहिलं पान वकिलांनी उघडलं आणि चष्म्यावरून बघितलं. "काका, मालक तुम्हीच आहात. गट नंबर चौऱ्याऐंशी."

"नंबर कोन ध्यानात ठेवतो? आमी त्याला चिंचवाला तुकडा म्हनतो."

"मग प्रश्नच मिटला. करा संमतीची सही."

काकांनी पेन घेतलं, थोडा विचार केला आणि परत ठेवलं.

"नाय देनार संमती. न बघता जमीन घेनाऱ्या येड्याला मी माझा तुकडा नाय देनार!"