उजव्या बाजूचा नट

आई : दादा विचारतोय, पाना कुठे ठेवलास.

धाकटा : ऐकलं मी. त्याला सांग, त्याच्याच मांडीखाली आहे.

आई : तुझ्या मांडीखाली आहे, म्हणतोय.

थोरला : बरं. आता त्याला सांग, थोडी अक्कल शिल्लक असेल तर सायकल उलटी कर. सीट आणि हँडलवर उभी राहू दे. मागचं चाक काढायचंय, सायकलला झोपवायचं नाहीये.

आई : सायकल उलटी कर म्हणतोय, बाळा.

धाकटा : 'बाळा' तो म्हणाला?

आई : ते माझ्या पदरचं.

धाकटा : आणि अक्कल?

आई : ती वाटेत सांडली. सगळंच उचलून द्यायला मी काय हमाल आहे?

थोरला : आई, वेळ जातोय. दोन्ही बाजूंचे नट मी सैल केलेत, ब्रेकही सोडवलाय. चाक पुढे ढकललं की चेन ढिली पडेल. ती त्याने उतरवायची, मग चाक निघेल.

आई : एवढं लांबलचक नको रे सांगूस, माझं वय बघ. चेन उतरव, बाळा.

धाकटा : उतरवली. हात बघ कसे झाले. त्याला म्हणावं, बाबांची सायकल आहे, वर्षातून एकदा तरी तेल दाखवायचं होतं.

थोरला : त्याला म्हणावं, वाटणीत ज्याने मागून घेतली त्याने दाखवावं.

आई : दोघंही तेलाचं काहीतरी म्हणताय.

थोरला : बादलीत ट्यूब बुडवायला सांग.

धाकटा : बुडवतोच आहे. हे बघ आई, बुडबुडे. सुईच्या टोकाएवढं भोक आहे, आणि सगळी हवा गेली.

आई : मला काय दाखवतोस? तीन वर्षं या घरात मीच तर पंप मारतेय. आता ऐका दोघंही. टेम्पो भरला की हा धाकटा चालला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. याची बायको-मुलं कालच गेली. इथे निदान एका छताखाली तोंडं फिरवून बसता. तिथे कोण कोणाला फोन लावणार? आज बोलला नाहीत तर भाऊ म्हणून तुम्ही संपलात. मला ते डोळ्यांनी बघायचं नाहीये.

थोरला : ठिगळ चिकटलं का, विचार.

धाकटा : चिकटलं. टायरही चढवला. हवा भरली. आणखी काही हुकूम?

आई : खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. कपाट कसं बांधलंय ते बघून येते. तोवर चाक बसवा. आणि एकमेकांचे दात पाडू नका, याचे समोरचे दोन आधीच खोटे आहेत.

(आई जिना उतरते. थोरला पाना उचलतो.)

थोरला : चाक जरा मागे ओढून धरलं, तर चेन ताठ राहील.

धाकटा : कोणाला सांगतोयस? चाकाला?

थोरला : इथे जो असेल त्याला.

धाकटा : धरलंय.

थोरला : डावीकडे घासतंय. मधोमध आण. हां. आता हलवू नकोस.

धाकटा : उजवा नट नीट आवळ. तो हाताने फिरवून सोडून द्यायची काही लोकांना सवय असते.

थोरला : अजून तेच.

धाकटा : दात माझे गेले. भर उतारावर चाक निसटलं.

थोरला : आणि चार लोकांत तू म्हणालास, भावाने मुद्दाम केलं.

धाकटा : आपलं भांडण चालू होतं. चाक तू बसवलेलं. नट ढिला. मी काय म्हणायला हवं होतं?

थोरला : निरोप मिळूनही मीच घाईने निघालो, असं म्हणायला हवं होतं.

धाकटा : कसला निरोप?

थोरला : मोठा पाना शेजाऱ्यांनी नेला होता. म्हणून सांगितलं होतं, उजवा नट नुसता हाताने लावलाय, मी आवळेपर्यंत सायकल काढू नकोस.

धाकटा : मला सांगितलं होतंस?

थोरला : तुझ्याशी कुठे बोलत होतो? आईला सांगितलं.

धाकटा : ती मला काही म्हणाली नाही.

थोरला : काहीतरीच. आई निरोप विसरते होय?

धाकटा : दादा, ती काही म्हणाली नाही. त्या सकाळी ती स्टुलावर बसून होती, फोन तसाच हातात. मावशी गेल्याचा फोन. तिला तिकडे न्यायचं म्हणून मी गाडी ठरवायलाच निघालो होतो सायकलवर.

थोरला : त्याच सकाळी का ते?

धाकटा : त्याच.

थोरला : अरे, मग मला कधी विचारलं का नाहीस?

धाकटा : कोणातर्फे विचारणार? आईतर्फेच ना?

थोरला : ते भांडण तरी कशावरून झालं होतं?

धाकटा : गच्चीच्या किल्लीवरून. मी हरवली म्हणालास.

थोरला : सापडली ती. मागच्या हिवाळ्यात. माझ्या कोटात.

धाकटा : आणि बोलला नाहीस.

थोरला : लाज वाटली. आणि निरोप दिला असता तर आईने आधी माझीच खरडपट्टी काढली असती.

धाकटा : जिन्यावर पावलं वाजतायत. तिला विचारायचं?

थोरला : काय विचारणार? तुझ्या विसरण्याने याचे दात गेले आणि आमची तीन वर्षं गेली, असं? बहीण गेली त्या दिवसाचा जाब मागायचा तिला?

धाकटा : नको. पण आपण बोलताना दिसलो तर ती खोदून खोदून विचारेल. आणि तुला खोटं बोलता येत नाही.

थोरला : तुला तरी कुठे येतं? आहे तसंच चालू दे. रविवारी येशील ना?

धाकटा : येईन. आईशी बोलायला.

थोरला : मीही असेन. गप्प. फोन दुपारी करत जाईन, ती झोपली की.

धाकटा : कर. वाट बघेन.

आई : काय, बसलं का चाक? मला वाटलं, बोलण्याचा आवाज आला.

थोरला : चाकाला सांगत होतो.

आई : चाकाशी बोलशील, भावाशी नाही.

थोरला : त्याला सांग, दोन्ही नट पान्याने आवळलेत. उजवा दोनदा.

आई : उजवा दोनदा आवळलाय म्हणतोय, बाळा.

धाकटा : त्याला सांग, निरोप मिळाला.

आई : काय म्हणावं तुम्हाला. माझ्यामागे कसं होणार तुमचं? तीन वर्षं याचं त्याला आणि त्याचं याला. गुडघे गेले माझे जिना चढता-उतरता, पण कामाचा एक तरी निरोप माझ्याकडून राहिला का? सांगा बघू.

थोरला : नाही, आई.

आई : तू सांग रे.

धाकटा : एकही नाही.