खरी असून खरी न वाटणारी बाई

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या छायाचित्रकार संघाचे आधारस्तंभ माननीय नी ओकायजा, प्रार्थना म्हणून सभेला सुरुवात करून देणारे रेव्हरंड क्वाटे, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण अक्रातल्या ओसूच्या या सभागृहात जमलो आहोत त्या आन्टी अराबा क्वान्सा, आणि पंख्याची हवा आपल्यापर्यंत पोचत नसतानाही शांतपणे बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी डेडे नार्टे. आन्टी अराबांच्या स्टुडिओत मी फोटो सुधारते. म्हणजे काय करते, हे समोर बसलेल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे, कारण त्यांच्या लग्नाच्या फोटोतल्या कमरा माझ्या हातच्या आहेत. हसू नका, नाहीतर नावं घेईन.

जाहिरातींचं तर विचारूच नका. साबण असो, कापड असो, नाहीतर आंब्याचा रस. बाईचा फोटो आला की आधी माझ्याकडे. पोटावरच्या रेषा काढ, दंड बारीक कर, रंग जरा उजळ कर. आन्टी फोटो काढायच्या, गिऱ्हाईक सांगायचं आणि मी करायचे. आमच्या स्टुडिओतून बाहेर पडलेली बाई अक्राच्या चौकाचौकांत लागायची आणि खालून जाणाऱ्या बायका मान वर करून तिच्याकडे बघायच्या. त्या नेमकं काय बघत असतील, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तुम्हाला पडतो का?

गेल्या हरमॅटनच्या मोसमाआधीची गोष्ट. वारं कोरडं झालं, ओठ फुटायला लागले की शिया लोण्याच्या क्रीमला दिवस येतात. अशाच एका कंपनीचे साहेब आमच्याकडे आले. कंपनीचं नाव मी घेत नाही, साहेबांना आपण ब्लँक्सन म्हणू. ते म्हणाले, "मॅडम, आम्हाला या वेळी खरी बाई हवी. मुलंबाळं झालेली, घरसंसार करणारी. काही म्हणता काही लपवायचं नाही."

आन्टी इतक्या खूश झाल्या, की त्यांनी साहेबांना स्वतःच्या डब्यातला तळलेला मासा दिला. अध्यक्ष महाराज, हे आपल्याला खरं वाटणार नाही, पण मी साक्षीदार आहे.

खरी बाई शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या चर्चच्या गायकवृंदात नाआ कॉर्कॉर आहेत, प्राथमिक शाळेत शिकवतात, चार मुलांची आई. त्या बघा, तिसऱ्या रांगेत, हातपंख्याआड तोंड लपवतायत. आन्टींनी विचारलं तेव्हा त्यांनी सरळ नाही म्हटलं. "माझ्या वर्गातल्या पोरांनी बाईंचं पोट चौकात बघायचं? मुख्याध्यापिका मला फळ्यासमोर उभी करतील!"

पण आठवड्याभराने त्या आपण होऊन आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, माझी लेक ड्रोमो आरशासमोर पोट आत ओढून उभी राहते. मक्याचं केंके वाढलं तर अर्धं भावाच्या ताटात टाकते. तोंडाला कसलं तरी गोरं करायचं मलम लावते. मी ओरडले तर म्हणाली, आई, रस्त्यावरच्या एका तरी फोटोत तुझ्यासारखी बाई दाखव. मी काय दाखवणार? काढा माझा फोटो."

फोटो निघाला. कॉर्कॉर पोटाला पट्टा आवळून आल्या होत्या. आन्टींनी तो सोडायला लावला, मग कॉर्कॉरना चर्चमधली कुठलीशी फजिती आठवली आणि त्या खळखळून हसल्या. कमरेला कापड, उघडं पोट, त्याच्यावर बाळंतपणाच्या रेषा, बेंबीपाशी एक वळी. मी एवढे फोटो हाताळले, पण हा उघडला आणि माझे हात तसेच राहिले. करायला काही नव्हतं. काम नसल्यावर माणसाला जसं चुकल्यासारखं होतं, तसं झालं मला.

ब्लँक्सनसाहेब आले, फोटोसमोर जाऊन उभे राहिले.

"फोटो उत्तम आहे मॅडम. फक्त बाई खरी वाटत नाही."

आन्टी म्हणाल्या, "अहो, ती खरीच आहे!"

"आहे, मान्य आहे. पण वाटत नाही. चार मुलांच्या मानाने रेषा कमी दिसतात. पोट थोडं सुटलेलं हवं. लोकांना लांबून कळायला नको का, की ही खरी आहे?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तेवढ्या रेषा काढून द्याल?"

मंडळी, मला आधी वाटलं, पुसायला सांगतायत. म्हणून मी म्हटलं, "काढते की, पाच मिनिटांत जातील." ते म्हणाले, "घालवायच्या नाहीत हो, काढायच्या. वाढवायच्या!"

आता सांगा, काय करायचं? आयुष्यभर पुसलेल्या रेषा आता आखायच्या? आणि का? तर खरेपणासाठी! मी आन्टींकडे बघितलं. आन्टी माझ्याकडे बघत होत्या.

शेवटी आन्टी म्हणाल्या, "पोट तिचं आहे, तिला विचारू."

कॉर्कॉरना शाळेतून बोलावून घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि इतक्या हसल्या, की खाली बसल्या. मग उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आजवर जास्त होतं म्हणून मी लपवत आले. आता ते कमी पडतंय होय? साहेब, मी जशी आहे तशी घ्या, नाहीतर घेऊच नका."

साहेबांनी घेतलं नाही. दुसऱ्या स्टुडिओतून दुसऱ्याच बाईचा फोटो करून घेतला. चौकात फलक लागला, खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'खरी बाई'. मी तो बारकाईने बघितला, तर दोन रेषा अगदी एकसारख्या. कुणीतरी एकीचीच नक्कल करून दुसरीकडे चिकटवली होती. पण खाली उभी असलेली एक बाई तो फोटो बघून डोळे पुसत होती. तिला सांगायचं का, की अगं, हे आखलेलं आहे? मी नाही सांगितलं. बरोबर केलं का, मला अजून कळलेलं नाही.

आन्टींनी मग काय केलं? कॉर्कॉरना विचारून तो फोटो माणसाच्या दुप्पट उंचीचा छापून घेतला आणि आमच्या स्टुडिओच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लावला. जाहिरात कशाचीच नाही. कॉर्कॉर लेकीला घेऊन बघायला आल्या. ड्रोमो म्हणाली, "आई, तू खरंच अशी दिसतेस?"

"रोज बघतेस की."

"बघते. पण एवढी मोठी नाही."

आणि ती रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली. लाज वाटली म्हणून, की नीट दिसावं म्हणून? आईला विचारलं, तर आई म्हणते, मलाही कळलं नाही. ड्रोमो केंके आता कधी पूर्ण खाते, कधी नाही. मलम मात्र घरात दिसत नाही म्हणे. आणि खुद्द कॉर्कॉरबाई आन्टींच्या कानात काय म्हणाल्या माहितीये? "मॅडम, एवढं केलंत ते छानच. पण दंड जरा बारीक करता आला नसता का?" नाही म्हणू नका बाई, मी मागेच उभी होते!

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं, मला कळलं. एवढंच सांगते. या व्यासपीठामागे लावलेला आन्टींचा फोटो मी काढलाय, गेल्या आठवड्यात. संगणकावर उघडला, तेव्हा त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बघून म्हणाल्या, "डेडे, मानेपाशी जरा..."

"जरा काय, आन्टी?"

त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "कळत नाही गं."

मलाही कळेना. आम्ही दोघी त्या मानेकडे बघत बसलो. छापखान्याचा माणूस आला तरी आमचं काही ठरलं नव्हतं, म्हणून फोटो तसाच गेला.

आन्टी, तुमच्या हाताखाली शिकायला मिळालं, हे माझं भाग्य. संघाने मला बोलू दिलं आणि आपण सगळ्यांनी उकाड्यात ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. मला भाषणाची सवय नाही. कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर धाकटी बहीण समजून पदरात घ्या. आणि आन्टी, आता तरी मागे वळून तो फोटो बघा. आल्यापासून तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसलायत.