बाळूच्या जिभेवरून झालेलं भांडण

“बाळूच्या जिभेला वस्तरा लागला, तर गाठ माझ्याशी आहे!” असं मी सासूबाईंना सुनावलं, तेव्हा न्हावी ओटीवर येऊन बसलासुद्धा होता.

ही डोंबिवलीतली, पन्नास सालच्या आसपासची गोष्ट. आमचा बाळू अडीच वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलेना. सासूबाईंनी ठरवूनच टाकलेलं, की जीभ खाली चिकटलीय, कापून सोडवायची. मोठ्या करारी बाई. आज भांडायला तसं तोलामोलाचं माणूस उरलं नाही मला.

“चिकटलेली जीभ हनुवटीवरची काकवी चाटते होय?” मी विचारलं.

“मग बोलत का नाही तो?”

“बोलणं ऐकलंय कुठे त्याने? या घरात वडीलधाऱ्यांसमोर सुनेने स्वतःच्या मुलाशी बोलायचं नाही. पाजायला तेवढा माझ्याकडे देता, तेही मुकाट्याने. दिवसभर त्याच्या कानावर पडतं काय? ‘मीठ वाढ’ आणि ‘दार लाव’!”

“अगं, माझ्या सासूपासूनची रीत आहे ती!”

“म्हणूनच तुमचे चिरंजीव लग्नानंतर वर्षभर माझ्याशी नुसती मान हलवून बोलत होते!”

ओटीवर न्हावी खुदकन हसला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. माझा पदर धरून उभ्या असलेल्या बाळूकडे त्यांनी वळून पाहिलं. मग त्यांनी न्हाव्याला हाताने जायची खूण केली, पाट ओढून बसल्या आणि मला म्हणाल्या,

“बस इथे माझ्यासमोर आणि बोल त्याच्याशी, आई लेकराशी काय बोलते, ते मलाही एकदा ऐकू दे.”