पहिला घास माझा

अंगणात शेणाचा सडा टाकून झाला होता. गाय सोडली होती. चुलीवर भात शिजला होता, वरणाला फोडणी दिली होती. ताट वाढून मी यांच्यासमोर ठेवलं. यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू खाय आधी."

मंडळी, मी तिथूनच सुरू करते. माझ्याआधी सरपंच बोलले, गुरुजी बोलले. चांगलं बोलले. मला तसं येत नाही. तेराव्या दिवशी बाईमाणसानं चार लोकांत उभं राहून नवऱ्याबद्दल बोलायचं, सोपं नाही. म्हणून लिहून आणलं आहे. माझी शाळा दुसरीपर्यंतची. बाकीचं वाचणं मी पुडीच्या कागदांवरून शिकले. अडखळले तर सांभाळून घ्या.

सगळ्यांनी सांगितलं, दादाजींनी, म्हणजे यांनी, तीस वर्षं तलावाच्या पाण्याची पाळी सांभाळली. खरं आहे. कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी, हे यांनी सांगायचं आणि गावानं ऐकायचं. कोणी भांडलं नाही असं नाही. पण यांनी कोणाचं पाणी खाल्लं, असं कोणी म्हटलं नाही.

शेवटच्या तीन वर्षांबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. मान राखला, मला समजतं. पण ती वर्षं तुम्ही पाहिली आहेत. पानठेल्यावर ऐकलीही आहेत. "घरी जेवत नाही मी. बायको जहर टाकून राहिली." हे यांनी कोणाकोणाला सांगितलं? इथे बसलेल्या निम्म्या लोकांना सांगितलं. काही हसले. काहींनी भजी खाऊ घातली. काहींना ते खरं वाटलं. मी आज कोणाचं नाव घेत नाही.

आधी विसरणं आलं होतं. मग हे जहराचं आलं. सुधाकर, माझा मुलगा, आम्हा दोघांना गोंदियाला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर हिंदी बोलणारे, माणूस चांगला. त्यांच्यासमोर छापील कागद होता. त्यावरून एकेक विचारायचे. रात्री उठतात का? रडतात का? नसलेलं माणूस दिसतं का? मी सांगत गेले. मग म्हणाले, "माताजी, शक करते हैं क्या?" मला कळलं नाही असं वाटून नर्सबाईंनी मराठीत विचारलं, "संशय घेतात का?"

बायांनो, तुम्हीच सांगा. एका बाजूला पोटचा मुलगा. एका बाजूला नवरा. आपल्यात नवऱ्याचा संशय म्हणजे काय? एकच संशय. मी म्हणाले, "नाही जी. चाळीस वर्षांत कधीच नाही." ताठ मानेनं म्हणाले. डॉक्टरांनी त्या ओळीपुढे खूण केली.

मग विचारलं, या सगळ्याचा तुम्हाला किती त्रास होतो? शून्य ते पाच, आकडा सांगा. मी म्हणाले, एक.

जेवत नाहीत एवढंच सांगितलं, म्हणून भूक लागायचं औषध मिळालं. भूक तर होतीच. हे आपल्या हातानं झाडावरून तोडलेले पेरू तेवढे खायचे. दीड महिना असा गेला. धोतराला एक वेढा जास्त बसायला लागला.

निघताना नर्सबाईंनी तसाच एक छापील, न भरलेला मराठी कागद दिला होता. तो औषधांच्या पिशवीत पडून होता. एका दुपारी ओट्यावर बसून मी तो वाचला. 'संशय' असा मोठा शब्द होता, आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'वस्तू चोरल्या असं वाटणं, अन्नात विष घातलं असं वाटणं'. ती ओळ मी तीनदा वाचली. डॉक्टर हे विचारत होते? हेच विचारत होते. आणि मी नाही म्हणाले होते.

मंगळवारी यांना शेजारच्या कौसाबाईकडे बसवलं आणि एकटीच बसनं गोंदियाला गेले. सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. ताट दिलं की आधी काय करतात, म्हणाले. मी म्हणाले, वरणातली मोहरी बोटानं काढतात आणि ताटाच्या काठाला लावून ठेवतात. डॉक्टरांनी विचारलं, "काले दाने?" हो जी, काळे दाणे. ते जहर.

त्रासाचा आकडा पुन्हा विचारला. मी पाच म्हणाले. 

औषध बदललं. मोहरी बंद झाली. आणि डॉक्टर म्हणाले, ते 'तू खाय आधी' म्हणतात ना, मग खा.

आपल्यात बाई नवऱ्यामागून जेवते, त्याच्याच ताटात. मी उलटं केलं. ओट्यावर, सगळ्यांदेखत. घास गिळेपर्यंत हे माझ्या गळ्याकडे पाहत बसायचे.

"गिरलं?"

"गिरलं."

"अजून एक खाय. पहिल्या घासात कोणी टाकत नाही."

मी दुसरा खायचे.

"मेली नाहीस न?"

"नाही जी."

"मंग आन इकडे."

कौसाबाई कुंपणावरून म्हणाली, "काऊन वो, देवमाणसाले उष्टं चारून राहिली?" मी म्हणाले, "जेवून तं राहिले न. तुह्या घरचं ताजं आन, पाहू खातेत का." कौसे, समोरच बसली आहेस, रागावू नको. पुढे तूच रोज दही आणलंस, आणि तूही आधी चमचाभर खाऊन दाखवायचीस.

दोन वर्षं जेवले. मग ताप आला आणि गेले. उपाशी गेले नाहीत.

ठेल्यावर हे जे बोलले, ते आजारानं बोलले. ते यांच्या नावावर ठेवू नका, माझ्याही नावावर नको. तो दीड महिना मात्र माझ्या एका 'नाही'चा आहे. तो मी आजारावर ढकलत नाही. तुमच्या घरी असं कोणी बोलायला लागलं, तर डॉक्टरसमोर बाईला एकटीला बसू द्या. आणि बायांनो, ज्या शब्दाची लाज वाटली, तो शब्द पुन्हा विचारा. म्हणजे काय, म्हणून विचारा.

आता श्रद्धांजलीला उभं राहू नका, गुडघे सगळ्यांचेच दुखतात. बसल्या जागीच गप्प राहू. घड्याळ नको. एक घास चावून गिळायला लागतो तेवढा वेळ. हे तेवढेच थांबायचे.

त्याआधी एवढं एक. हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आमची चूल बंद होती. कौसाबाईनं वरणभात आणला. मी ताट वाढलं. पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि ताट समोर सरकवलं. मग ते परत ओढलं, आणि उरलेलं जेवले.