सृष्टीचा दाखला

— सापडला न्हाई म्हनलं ना मॅडम, किती येळा इचारशाल? बसा, उन्हातनं आलाय, पानी घ्या. सून गेलीया बांधावर गवताला. मी कस्तुराबाई, तिची सासू — काय इचारायचं ते मलाच इचारा. तुमच्या लोणावळ्याच्या वर्गात सहा म्हैने शिकली की दवाखान्यात नर्सबाईंच्या हाताखाली काम मिळतंय — लय चांगलं, मी कुटं वाईट म्हनते? पन तिच्या दहावीच्या दाखल्यावर नाव सृष्टी, आधार कार्डावर सारिका. दोन्ही बाया एकच, असं लिवून द्यायचं, व्हय, कळलं मला — अडानी असले तरी येडी न्हाई मी. पन त्याला आदी दाखला नगं का हातात?

नाव का बदललं म्हंजे? आमच्यात बदलत्यात की. लग्नात ताटात तांदूळ पसरलं, माझ्या सत्यमनं अंगठीनं त्यात सारिका लिवलं. मीच सांगितलेलं. माझ्या लेकीचं नाव ते. लग्नाच्या आदल्या साली गेली ती. घरात त्या नावानं पुन्यांदा हाक मारता यावी — एवढंच व्हतं मनात. सून बिचारी पयल्या दिसापास्नं ओ देती, कदी कुरकुर न्हाई.

कशानं गेली? राहू द्या ते... शिवनकाम शिकाया जायाची, लोणावळ्यालाच. मळवलीवरनं सकाळची गाडी. मी म्हनायचे, आदी भांडी घास, मंग जा कुटं जायाचं तितं. रोजच म्हनायचे — त्या दिशी बी म्हनलं. उशीर झाला पोरीला, पूल चढाय येळ न्हाई, तशीच रुळातनं पळाली. लोक म्हनत्यात नशीब. कसलं आलंय नशीब! चार ताटं आन् एक पातेलं व्हतं.

आन् आता तुमी म्हनता, हिला त्याच गाडीनं धाडा.

व्हय, हाये दाखला. माझ्या पेटीत हाये, लेकीच्या कात्रीखाली. सुनंला ठावं न्हाई. धा दिस झालं, घर पालथं घालतीया, रडतीया — आन् मी बी तिच्यासंगं शोधाय लागते, माळ्यावर बघ, फळीवर बघ म्हनते. लाज वाटती मॅडम. पन पेटी उघडली की ती कात्री दिसती, आन् मी झाकन लावून टाकते.

मुदत कवापर्यंत म्हनलात? उद्या?

मंग परवा या. परवा देते.