जाळं समोरून धरणारा

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळीचे ज्येष्ठ पंच आदरणीय पंढरीकाका, व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आपले पाळक रेव्हरंड चंद्रभान साळवे, पाळकीणबाई, आणि बोईसर, बेटेगाव, पार तारापूरहून आलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा सलाम.

स्त्रीसंघाच्या वतीने मी, मोनाली, बोलते आहे. साहेबांच्या कार्याचा आढावा सेक्रेटरींनी घेतलाच. मी फक्त एका क्रियापदाविषयी बोलणार आहे. घाबरू नका, जेवण वेळेवरच होईल.

बुधवारच्या बायबल वर्गात साहेब फळ्यावर ग्रीक शब्द लिहायचे. कारखान्यातून दमून आलेली आपली माणसं, कुणाला हवं होतं ग्रीक? तरी एक शब्द आमच्या घरात कायमचा राहिला. कातार्तिझो.

तो कसा आला ते सांगते. माझे यजमान सुजित भजनात ढोलकी वाजवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते पीत होते, हेही ठाऊक आहे, आता झाकून काय ठेवू? एका नाताळला ते पिऊन आले आणि भर भजनात ढोलकीवरच कोसळले. पंचकमिटी बसली. ढोलकी काढून घेतली, मंडळीतून नावही कमी करा, असं ठरत आलं होतं. मंडळी सुटली तर हा माणूस हातचा जाईल, एवढंच मला कळत होतं. अध्यक्षमहोदय, रागावू नका, पण सगळ्यांत कडक तुम्हीच होतात. "गलतीकरांच्या पत्रात काय लिहिलंय? चुकलेल्याला ताळ्यावर आणा. आम्ही तेच करतोय," असं तुम्ही म्हणालात.

त्या बुधवारी साहेबांनी हा शब्द फळ्यावर लिहिला. म्हणाले, पौलाने तिथे हेच क्रियापद वापरलंय. याकोब आणि योहान मचव्यात बसून जाळी नीट करत होते, तिथेही हेच आहे. देवाने जग रचलं असं इब्री लोकांच्या पत्रात आहे, तिथेही हेच. शिक्षा करणं असा अर्थ यात कुठेच नाही. फाटलेलं पुन्हा कामाला येईल असं करायचं, हा अर्थ. पण एवढं सांगून थांबतील तर ते साळवेसाहेब कसले? शनिवारी त्यांनी अख्खी कमिटी टेम्पोत घालून मुरब्याच्या कोळीवाड्यात नेली. मीही गेले.

किनाऱ्यावर मैनाबाई जुनं जाळं सांधत होत्या. साहेबांची त्यांची ओळख. मैनाबाईंनी पंढरीकाकांच्या हाती सुई दिली. काका पडले फिटर. नट आवळावा तशी त्यांनी गाठ आवळली आणि शेजारचा धागा तुटला.

"एवडं नको खेचू, दादा," मैनाबाई हसून म्हणाल्या. "आनि एकट्यानं कसं व्हनार? समोरून कोनीतरी धरायला पायजे. आमी नवरा-बायको दोगं बसतो."

मग साहेब वाळूत बसले आणि त्यांनी समोरून जाळं धरलं. काका ऊन उतरेपर्यंत गाठी मारत राहिले.

ढोलकी काकांनी स्वतः आमच्या घरी आणून दिली. दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट सुटली की कंपनीच्या गेटवर काकांची मोटरसायकल उभी. सुजितना मागे बसवायचं आणि वाटेतल्या दुकानापाशी न थांबता बेटेगावला घरी सोडायचं. सुजित चिडायचे, काका त्याहून चिडायचे. पावसाळ्यात सुजित पुन्हा पिऊन आले. मी दारात बसून रडले. काका म्हणाले, "जाळं काय एकदाच फाटतं का? उद्या लवकर येतो." काका, त्या एका वाक्यावर माझा संसार उभा आहे. आज आम्ही सुखात आहोत, हे सगळ्यांसमोर सांगताना मला फार बरं वाटतंय.

आता साहेबांची बदली झाली. तुमच्यामागे आमचं कसं होणार, असं परवा कुणीतरी विचारत होतं. साहेब, आजच्या पहिल्या भजनाला ढोलकी नव्हती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. गेल्या महिन्यात आपल्यातल्याच एका घरची बाई आमच्या दारी आली. तिने तोंड उघडायच्या आत सुजितनी गाडीची चावी उचलली. तेव्हापासून रोज शिफ्ट सुटली की ते एका गेटवर उभे असतात. आजही तिथेच आहेत. कुणासाठी, ते विचारू नका.

साहेब, पाळकीणबाई, तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच. माझ्या बोलण्यात काही राहिलं असेल, काही जास्त झालं असेल, तर नवख्या हाताची गाठ समजून सांभाळून घ्या. त्या माणसाला घरी सोडून सुजित शेवटच्या भजनापर्यंत पोहोचतील. तोवर साहेबांना जाऊ देऊ नका, आणि वाढणाऱ्यांना विनंती, एक ताट राखून ठेवा.